एकोणिसाव्या मैलावरचा फलक

पुढची हकीकत खरी आहे.

असे प्रत्येक भुताच्या गोष्टीच्या डोक्यावर लिहिलेले असते, याची कल्पना आहे. त्यामुळे नुसते तसे सांगून थांबत नाही. ज्या गृहस्थांच्या बाबतीत हे घडले, त्यांचा नियम असा होता की दोन स्वतंत्र साधने हाती असल्याखेरीज कोणतीही गोष्ट खरी मानायची नाही. त्यांच्याच नियमाने बोलायचे, तर या हकीकतीला दोन साधने आहेत. एक, त्यांच्या फोनमधले चार मिनिटे अकरा सेकंदांचे ध्वनिमुद्रण. दुसरे, त्यांच्या मागच्या दाराशी ठेवलेली पत्र्याची बादली.

शिवाय अशा गोष्टी मध्यरात्री, वादळवाऱ्यात घडतात अशी वाचकांची समजूत असते. ही एका मंगळवारी, दुपारी चार वाजता सुरू झाली.

लख्ख ऊन होते.

वाऱ्याची झुळूकही नव्हती.

जागा म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या मोठ्या रस्त्यावरचे, एकोणिसाव्या मैलाच्या दगडापुढचे वळण. एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला गवतात बुडालेले लांबलचक दगडी जोते. बाकी काही नाही. तिथे थांबण्याचे कुणाला कारणही नव्हते. ते कारण निर्माण करण्यासाठीच हे गृहस्थ तिथे गेले होते.

त्यांना सगळे 'साठशब्दे' म्हणत.

हे आडनाव नव्हे. निवृत्त झालेले इतिहासाचे प्राध्यापक. रस्ते खात्याने जुन्या जागांवर पितळी फलक लावायचे ठरवले, तेव्हा मजकूर लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. फलकावर साठ शब्द मावतात. एकसष्टावा शब्द आला की अक्षरे बारीक होतात आणि गाडीतला माणूस वाचत नाही. बारा वर्षांत त्यांनी एकशे अकरा फलक लिहिले. प्रत्येक फलक साठ शब्दांचा. एकोणसाठ नाही, एकसष्ट नाही. विद्यार्थी थट्टेने साठशब्दे म्हणू लागले आणि सरांनी ते नाव पदवीसारखे मिरवले.

त्यांची एक पद्धत होती. मजकूर ओतायला देण्यापूर्वी ते स्वतः त्या जागी जात, फलक जिथे उभा राहणार तिथे उभे राहून तो मोठ्याने वाचत, हातातल्या घड्याळावर वेळ मोजत आणि फोनवर आवाज मुद्रित करत. साठ शब्दांना तेहतीस सेकंद. चाळीसच्या वर गेले की वाक्ये पुन्हा बांधायची. कागदावरचे वाक्य जागेवर टिकते की नाही, हे जागेवरच कळते, असे ते सांगत.

खरे होते ते.

एकशे बारावा फलक या वळणाचा. नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी इथे साथीतली विलगीकरण छावणी होती. डोंगरापलीकडून येणाऱ्यांना चौदा दिवस एका लांब पत्र्याच्या शेडमध्ये ठेवत. बाहेरून कुलूप लावत. ताप नसेल तर सोडत. छावणीची नोंदवही अभिलेखागारात शाबूत होती. नाव, वय, धंदा, कधी आला, कधी सुटला, कुठे गेला. शेवटच्या रकान्यात प्रत्येकाच्या गावाची नोंद. कारकुनाचे अक्षर मोत्यासारखे.

साठशब्दे पाने उलटत गेले.

शेवटच्या दोन पानांवर एक्केचाळीस नावे होती. सगळ्यांची सुटका एकाच दिवशी. सगळ्यांपुढे एकच शेरा, 'घरी रवाना'. आणि शेवटचा रकाना...

एक्केचाळीसही ओळींत कोरा.

खाली कारकुनाची सही होती. शेवटच्या अक्षराची शेपटी गळासारखी वर वळलेली. ती शेपटी साठशब्द्यांनी लहानपणापासून पाहिली होती. त्यांच्या घरच्या दिवाणखान्यात, आजोबांना मिळालेल्या प्रशस्तिपत्राच्या चौकटीत. संकटकाळी जागा न सोडल्याबद्दल.

तो कारकून म्हणजे त्यांचे आजोबा.

वहीच्या पुठ्ठ्याच्या आत एक कागद चिकटला होता. पाण्याच्या गाडीवानाचा जबाब. कुणी घेतला, का घेतला आणि का दडपला, याची नोंद नव्हती. गाडीवान सांगत होता की डॉक्टर आणि पहारेकरी एकाच रात्री पळाले. पुढे त्याच्याच शब्दांत:

'दुसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन वळणापर्यंत गेलो. कारकून रस्त्यावर उभा होता. किल्ली त्याच्या हातात होती. म्हणाला, परत जा, आत कुणी उरलं नाही, सगळ्यांना घरी पाठवलं. शेडमधून आवाज येत होता. मी विचारलं, हा कसला आवाज. म्हणाला, पत्रा वाजतोय. वारा नव्हता. मी गाडी वळवली. तिसऱ्या दिवशी परत गेलो. तेव्हा आवाज कमी होता. चौथ्या दिवशी गेलो नाही.'

नोंदवहीतली 'घरी रवाना'ची तारीख सहाव्या दिवसाची होती.

साठशब्द्यांनी तो कागद दोनदा वाचला, आपल्या टिपणवहीत उतरवून घेतला. मग होता तसा पुठ्ठ्यात सरकवला. अभिलेखागारातला पंखा फिरत होता. त्यांच्या कपाळावर घाम होता.

हे एकच साधन आहे, असे ते मनात म्हणाले. नियम दोनचा आहे.

नियमाइतके उबदार पांघरूण विद्वानाला दुसरे नसते.

त्यांनी घरी येऊन मजकूर लिहिला. तो असा:

'या वळणावर साथीच्या काळात विलगीकरण छावणी होती. डोंगरापलीकडून येणाऱ्या प्रवाशांना येथे चौदा दिवस थांबवून त्यांची तपासणी व शुश्रूषा केली जाई. डॉक्टर आजारी पडल्यावरही छावणीच्या कारकुनाने आपली जागा सोडली नाही. छावणी बंद झाली तेव्हा उरलेल्या एक्केचाळीस प्रवाशांना सुखरूप घरी पाठवण्यात आले. रस्त्याच्या डाव्या हाताला आज दिसणारे दगडी जोते त्याच छावणीचे आहे. प्रवाशा, येथे क्षणभर थांब आणि त्या निष्ठावंत सेवकाचे स्मरण कर.'

आजोबांचे नाव त्यांनी घातले नाही. विनय म्हणून.

आणि 'सुखरूप' हा शब्द नोंदवहीत कुठेही नव्हता. तो त्यांनी स्वतः घातला. एकोणसाठ शब्द होत होते.

त्या मंगळवारी त्यांच्याबरोबर फलक ओतणारा ओतारी होता. गेली बारा वर्षे तोच पितळ ओतायचा, तोच खांब रोवायचा. पन्नाशीचा, बोलका माणूस. खांबाच्या खड्ड्याची जागा मोजायला आला होता.

"सर, लवकर वाचा. चार वाजले. मला भट्टी पेटवायचीय," तो म्हणाला.

"तेहतीस सेकंद लागतात."

"तुमचं वाचून होतं तेहतीस सेकंदांत. मग तुम्ही मला अर्धा तास समजावता."

"या जागेचं महत्त्व तुला कळायला हवं."

"मला कशाला? मेलेल्यांनी माझ्या पाटीबद्दल कधी तक्रार केली नाही. तक्रार जिवंत लोक करतात, आणि तीही ऱ्हस्वदीर्घाची."

साठशब्दे हसले. पाण्याची भरलेली बाटली त्यांनी जोत्याच्या दगडावर ठेवली, फोन चालू केला, घड्याळाचे बटण दाबले आणि वाचायला सुरुवात केली.

पहिल्या वाक्यालाच त्यांना जाणवले...

रस्त्याचा आवाज येत नव्हता.

समोरून एक मालमोटार गेली. तिची चाके फिरताना दिसली, चालकाचा हात दिसला. आवाज नव्हता. साठशब्दे वाचत राहिले. 'सुखरूप' आला. 'स्मरण कर' आले. त्यांनी घड्याळाचे बटण दाबले.

चार मिनिटे अकरा सेकंद.

घड्याळ बिघडले, असे त्यांनी ठरवले. मग वर पाहिले तर ओतारी गाडीला टेकून त्यांच्याकडे पाहत होता. हातात थर्मासचे झाकण, चहा संपलेला.

"सर, आज एवढं लांबलचक काय वाचत होतात?"

"जे आहे तेच."

"खड्डा मोजून झाला, चहा पिऊन झाला, तरी तुमचं चालूच. एवढी नावं घालायची असतील तर आधी सांगा. साचा मोठा करावा लागेल."

"कसली नावं?"

ओताऱ्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. थट्टा नाही, हे त्याला कळले असावे. चहाचे झाकण त्याने दोनदा झटकले आणि गाडीत जाऊन बसला.

साठशब्दे बाटली घ्यायला वळले.

झाकण घट्ट लावलेले होते. आत...

एक थेंबही नव्हता.

घरी ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघेच राहत. ताईचे वय ऐंशी, त्यांचे एकाहत्तर. ताईने लग्न केले नव्हते. आजोबांची, मग आईवडिलांची, मग धाकट्याची उस्तवार करण्यात तिचा जन्म गेला होता आणि त्याबद्दल ती कुणालाही बोल लावत नसे; आपण बोल लावत नाही, एवढेच ऐकवत असे.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती भाजी चिरत होती. साठशब्द्यांनी फोन टेबलावर ठेवून मुद्रण लावले. त्यांचाच आवाज. स्वच्छ, वर्गात शिकवल्यासारखा. तेहतीस सेकंदांत साठ शब्द संपले.

मग शांतता.

आणि मग... त्यांचाच आवाज पुढे वाचू लागला.

नावे. नाव, वय, धंदा. वहीतल्या क्रमाने. सुतार, वय चाळीस. त्याची बायको. सुया-दोरे विकणारी विधवा, वय साठ. दोघे भाऊ, गवंडी. साठशब्द्यांनी ती पाने एकदाच पाहिली होती. एक नावही त्यांना पाठ नव्हते.

प्रत्येक नावानंतर आवाज क्षणभर थांबत होता. हजेरी घेताना थांबतात तसा.

आणि त्या थांबण्यात... कोरड्या घशातून कुणीतरी म्हणत होते, "हो."

दर वेळी निराळा घसा.

चाळीस वेळा.

शेवटची नोंद होती, 'मूल, वय तीन महिने, नाव ठेवलेले नाही'. त्यानंतर आवाज थांबला. उत्तर आले नाही. बराच वेळ आले नाही. मग एका बाईने त्याच्या वतीने हळूच म्हटले...

"हो."

मुद्रण संपले.

ताईच्या हातातली सुरी थांबली होती. पण ती दचकलेली नव्हती, आणि साठशब्द्यांना त्याचीच अधिक भीती वाटली.

"हा आवाज तुझा का रे, धाकट्या?" ती म्हणाली. "की आजोबांचा?"

"माझा. आज दुपारचा."

"अगदी त्यांच्यासारखा लागलाय. झोपेत असंच म्हणायचे. याच क्रमाने. त्या बाळापाशी यायचे आणि उठून बसायचे."

"तुला हे माहीत होतं?"

"मी वीस वर्षांची होईपर्यंत त्यांच्या खोलीत झोपले. नावं मला पाठ आहेत. म्हणून दाखवू?"

"नको."

"एकदा तापात सगळं बोलले. किल्ली खिशात होती म्हणाले. दार उघडलं तर ताप आपल्याला लागेल, या भीतीने चार दिवस रस्त्यावर उभा राहिलो म्हणाले. पाण्याची गाडी परत का पाठवली, तर पाणी आत द्यायला दार उघडावं लागलं असतं. सहाव्या दिवशी उघडलं."

तिने चिरलेली भाजी पातेल्यात लोटली.

"म्हणून ती बादली," ती म्हणाली.

मागच्या दाराबाहेर, तीन पायऱ्यांच्या वर, रोज संध्याकाळी एक भरलेली बादली असे. काठाला अडकवलेला टिनाचा मग. आजोबा ठेवायचे. त्यांच्यामागे ताई ठेवू लागली. वाटसरूंसाठी आहे, असे घरात सांगितले जाई, आणि आजोबांच्या थोरपणाच्या गोष्टींत ती बादली हटकून येई. चाळीस वर्षे जगाची दप्तरे धुंडाळणाऱ्या साठशब्द्यांनी एवढे कधी पाहिले नव्हते की त्या मागच्या गल्लीतून वाटसरू जातच नाहीत. गल्ली भिंतीला संपते.

"सकाळी बादली रिकामी असते?" त्यांनी विचारले.

"असते."

"मांजर पीत असेल."

"बादलीभर? वाघ म्हण."

मग तिने पदराला हात पुसले आणि समोर बसली. "तुझा तो नियम काय आहे? दोन पुरावे. त्या गाडीवानाचा कागद तुला सापडलाय. परवा वहीत टिपून आणलास, टेबलावर उघडी टाकलीस, मी वाचली. दुसरा पुरावा मी. झाले ना दोन? लिही आता नीट."

हा तो क्षण.

साठशब्द्यांना आजवर वाटत होते की आपण ताईसाठी गप्प आहोत. म्हातारीचे मन मोडू नये, दिवाणखान्यातली चौकट उतरवावी लागू नये, म्हणून. आता म्हातारीच चौकट उतरवायला तयार होती. मग आड कोण येत होते?

एकशे अकरा फलक येत होते. उद्या कुणी म्हणाले असते, याच्या आजोबांनी लपवले, मग याने काय काय लपवले? व्याख्याने येत होती. साठशब्दे ही पदवी येत होती.

ते म्हणाले, "ताई, तू सांगतेस ती ऐकीव माहिती आहे. ऐकीव माहिती साधन म्हणून धरता येत नाही."

ताईला राग आला असता तर बरे झाले असते.

"ऐकीव," ती म्हणाली. "बरं."

ती उठली. बादली भरली. बाहेर ठेवून आली. त्या विषयावर ती पुन्हा कधीही बोलली नाही.

फलक बसवण्याच्या आदल्या दिवशी ओतारी घरी आला. एरवी आत येऊन चहा मागणारा माणूस दारातच उभा राहिला.

"सर, एक विचारायचं होतं. दोनदा ओतला. दोन्ही वेळा एकच शब्द बसला नाही. पितळ बाकी सगळीकडे गेलं, तेवढ्या जागी गेलंच नाही. खळगा राहिला."

"कुठला शब्द?"

त्यांना उत्तर माहीत होते.

"सुखरूप. साचा ओला असेल म्हणून भट्टीवर वाळवला. तरी तेच. तो शब्द काढला तर चालणार नाही का? अर्थ तसाही पोचतो."

"एकोणसाठ होतात."

ओताऱ्याने मान हलवली. "ठीक. मग वेगळा ओतून डाग देऊन चिकटवतो. पण तो कधीतरी पडेल, सांगून ठेवतो. आणि सर, पुढचे फलक दुसऱ्या कुणाकडून घ्या. माझे डोळे गेलेत आता."

त्याचे डोळे उत्तम होते.

फलक लागला. रस्ते खात्याच्या साहेबांनी कापड ओढले. साठशब्दे इतिहासाच्या निष्ठुर सत्यनिष्ठेवर बोलले. टाळ्या पडल्या. बोलताना त्यांनी तीनदा पाण्याचा पेला तोंडाला लावला. तिन्ही वेळा कुणीतरी तो भरून ठेवलेला त्यांनी पाहिला होता. तिन्ही वेळा...

ओठांना फक्त काच लागली.

आठ महिन्यांनी ताई गेली. झोपेत, त्रास न देता, जगली तशीच. दोन दिवस माणसांची ये-जा होती. तिसऱ्या संध्याकाळी घर रिकामे झाले. साठशब्दे स्वयंपाकघरात दिवा लावून बसले होते. समोर ताईची खुर्ची होती.

तेव्हा मागच्या दाराबाहेर आवाज झाला.

दारावर थाप नव्हती. थाप परवडली असती.

टिनाचा मग... कोरड्या बादलीच्या तळाला घासत होता.

एकदा. मग थांबून पुन्हा. घाई नव्हती. मागे रांग आहे आणि आपली पाळी झाली की बाजूला व्हायचे आहे, अशा शिस्तीत. प्रत्येक वेळी तोच आवाज, पत्र्यावर टिन.

तीन दिवसांत बादली कुणी भरली नव्हती.

ते उठले. नळ सोडला. नळातून हवा आली, पाणी आले नाही. पिंपात घागरभर शिल्लक होते. ते पातेल्याने काढून त्यांनी दार उघडले. बाहेर कुणी नव्हते. गल्ली होती, भिंत होती, शेजारच्या खिडकीत उजेड होता. कुत्रे भुंकत होते, म्हणजे भुंकताना दिसत होते.

त्यांनी बादलीत पाणी ओतले. दार लावून घेतले. दाराला पाठ टेकून खाली बसले.

पाण्यात टिनाचा मग बुडाल्याचा आवाज आला. पाणी प्यायल्याचा आला. पाय सरकल्याचा आला.

साठशब्द्यांना मोजण्याची सवय होती. ती या वेळी मोडता आली असती तर बरे. त्यांनी चाळीस मोजले. एक्केचाळिसाव्या वेळी मग बुडाला नाही. पाण्यात फक्त बोट बुडवल्याचा आवाज आला... आणि त्यामागून अगदी बारीक चोखण्याचा.

त्या दिवसापासून बादली ते भरतात.

त्याच महिन्यात त्यांनी नवा मजकूर लिहिला. त्यात कुलूप आहे, किल्ली आहे, परत पाठवलेली पाण्याची गाडी आहे, कारकुनाचे नाव आहे आणि लिहिणाऱ्याचे त्याच्याशी नाते आहे. 'सुखरूप' नाही. तरीही बरोबर साठ शब्द भरतात. आयुष्यात लिहिलेला सर्वांत चांगला फलक, हे त्यांना स्वतःलाच कळले.

पद्धतीप्रमाणे ते तो घेऊन वळणावर गेले. एकटेच. दुपारी चार वाजता. जुन्या फलकावरचा एक शब्द निखळून गेला होता आणि तिथे खळगा दिसत होता. त्यांनी नवा कागद मोठ्याने वाचला. या वेळी रस्त्याचे सगळे आवाज येत होते. घड्याळाने तेहतीस सेकंद दाखवले. बाटली भरलेली राहिली.

किती वर्षांनी त्यांना मोकळा श्वास आला.

घरी येऊन त्यांनी मुद्रण ऐकले. ते सदतीस सेकंदांचे होते. तेहतीस सेकंद त्यांचा आवाज. मग तीन सेकंद काही नाही. आणि शेवटी... एका म्हाताऱ्या बाईचा, सुया-दोरे विकणारीचा असावा असा, अतिशय अदबीचा प्रश्न.

"लावणार कधी?"

याला आता दोन वर्षे झाली.

खात्याला एक अर्ज करायचा आहे. अर्धा कागद पुरेल. साठशब्दे तो दर सोमवारी लिहायला घेतात. पण कधी व्याख्यान असते, कधी सत्कार असतो, कधी नुसतेच गुडघे दुखतात. नवा मजकूर टेबलाच्या खणात आहे. संध्याकाळ झाली की ते बादली मात्र न चुकता भरतात. अर्ज लिहिण्यापेक्षा ते फार सोपे असते. आजोबांनाही तसेच वाटले असणार. त्यांनी चाळीस वर्षे भरली.

हे इथेच संपले असते, तर सांगण्याचे कारण नव्हते.

गेल्या गुरुवारी सकाळी त्यांनी मागचे दार उघडले, तर बादली...

काठोकाठ भरलेली होती.

शुक्रवारीही. शनिवारीही. टिनाचा मग कोरडा, काठाला अडकवलेला. पहिल्या दिवशी त्यांना वाटले, सुटलो. दुसऱ्या दिवशी तसे वाटले नाही.

शनिवारी संध्याकाळी ते स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहिले. दार त्यांनी स्वतः आतून लावले होते. कडी पाहिली होती. दिवेलागणीच्या सुमारास पायऱ्यांवर पाय वाजले. बादलीपाशी कुणी थांबले नाही. पाणी हलले नाही.

त्यांनी पावले मोजली. माणसे चाळीस भरली. एक्केचाळिसावे कडेवर असणार.

सगळी आत आली.

बाहेर जाताना कुणी ऐकू आले नाही.

घरात आता पाणी चांगले येते. आवाज कसलाच नाही. फक्त साठशब्दे टेबलाशी बसले की खोलीतली हवा माणसांनी भरलेल्या वर्गासारखी जड होते, आणि कुणीतरी काहीतरी वाचून दाखवण्याची सगळेजण वाट पाहत आहेत, असे वाटते.

अर्ज अजून लिहिलेला नाही.